संगत सुटली, गांजा वाढला: नाशिकमधल्या एका तरुणाचं प्रकरण

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचा हा थोरला मुलगा. वय २४. नाशिकमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, आता अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ट्रेनी आहे. दिवाळीत घरी आला तेव्हा धुवायला टाकलेल्या जीन्सच्या खिशात आईला गांजाची पुडी आणि गोगो पेपर (गांजा गुंडाळायचे पातळ कागद) सापडले. भाऊबीज झाली आणि वडील त्याला घेऊन आमच्या क्लिनिकमध्ये आले. मी तिथे समुपदेशक आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. काय कशानंतर घडलं आणि कशामुळे घडलं, ते तसंच ठेवलं आहे. मुलाची आणि आई-वडिलांची लिहायला संमती आहे.

वडिलांचं निदान ठरलेलं होतं. "मॅडम, पोरगं संगतीनं वाया गेलं. फ्लॅटवरची पोरं तसली होती. सहा महिने सेंटरला ठेवा, त्या पोरांपासून तुटला का सुटंल आपोआप." कुठल्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं हेही एका नातेवाइकाने सांगून ठेवलं होतं. आई गप्प होती. मुलगा मान खाली घालून मोबाइलच्या कव्हरशी चाळा करत होता.

वडिलांची भीती समजण्यासारखी होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या रसायनाचा, कारखाना उघडकीला आणला. तेव्हापासून या जिल्ह्यातल्या आई-बापांना 'ड्रग्ज' म्हटलं की तेच आठवतं. गांजा आणि मेफेड्रोन हे वेगळे पदार्थ आहेत, त्यांचे धोके वेगळे आहेत, हे त्यांना आधी सांगावं लागलं. दुसऱ्या टोकाला मुलगा होता: "गांजा झाड आहे मॅडम. दारू फॅक्टरीत बनते. आणि एक किलोपर्यंत कायद्यानं चालतं."

ही एक किलोची समजूत मी कॉलेज रोडच्या मुलांकडून इतक्यांदा ऐकली आहे की इथेच थोडं थांबते. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली गांजाची 'अल्प मात्रा' एक किलोपर्यंत धरली आहे, हे खरं. पण अल्प मात्रा म्हणजे परवानगी नव्हे. तेवढा माल जवळ सापडला तरी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नुसत्या सेवनासाठीही सहा महिन्यांपर्यंतची शिक्षा आहे. मात्र याच कायद्यात ६४ अ हे कलम आहे: सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पत्करले तर तिला खटल्यातून संरक्षण मिळू शकतं. मुलाने हे पहिल्यांदाच ऐकलं. वडिलांनीही. डॉक्टरकडे गेलो तर पोलिसांत नाव जाईल, या धास्तीने किती घरं महिनोन्‌महिने गप्प बसतात ते मी पाहते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि दारू-ड्रग्जशी संबंधित मानसिक विकारही त्या कायद्याच्या कक्षेत येतात. हे मी त्या तिघांना सांगितलं आणि मग मुलाशी एकट्याने बोलायला वेळ मागितला.

सुरुवात कुठे झाली

गावाकडे मराठी माध्यमात शाळा, पिंपळगावला बारावी, मग एकदम नाशिकमधलं इंजिनिअरिंग कॉलेज. पहिलं वर्ष त्याने जवळजवळ न बोलता काढलं. प्रेझेंटेशनच्या दिवशी पोट बिघडायचं. इंग्रजीत प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही "नाही येत सर" म्हणायचा. दुसऱ्या वर्षी गंगापूर रोडच्या बाजूला चौघांत एक फ्लॅट घेतला.

पहिला झुरका त्या फ्लॅटवर नव्हता. तो श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या फेरीत. रात्रभर पाऊस, हजारो माणसं, अनवाणी चालणं, आणि वाटेत थांबलेल्या ओळखीच्या टोळक्यात फिरत आलेली चिलीम. "भोलेचा प्रसाद आहे, नाही म्हणू नको." त्याने नाही म्हटलं नाही. फरक काहीच जाणवला नाही, नुसता खोकला आला. पण चोरून काही केल्यासारखंही वाटलं नाही, आणि या प्रकरणात ते महत्त्वाचं आहे. ज्या घरात सिगारेटचं पाकीट सापडलं असतं तर मार पडला असता, त्याच घरात महाशिवरात्रीच्या भांगेवरून हसणं चालतं. कायदासुद्धा भांगेची पानं आणि गांजाचे शेंडे यांत फरक करतो. त्र्यंबकला आणि कुंभात साधूंच्या हातातली चिलीम लहानपणापासून पाहिलेल्या मुलाच्या मनात गांजा 'व्यसन' या खान्यात आधीपासून नसतोच. बाहेरच्या शहरांतून इथे आलेल्या मुलांपेक्षा आमच्याकडच्या मुलांत ही गोष्ट मला जास्त दिसते. यात दोष श्रद्धेचा नाही. पण घरात ज्या विषयावर कधी सरळ बोलणं झालेलं नसतं, त्यावर पहिलं मत टोळक्यातच तयार होतं.

मग फ्लॅटवरच्या बैठका सुरू झाल्या. शनिवारी रात्री गॅलरीत चौघं-पाचजण, एक जॉइंट (गांजा भरलेली सिगारेट) फिरता. याचं वर्णन करताना तो पहिल्यांदा मोकळा झाला. "तिथं कुणी मार्क विचारत नाही. कुणी इंग्लिश झाडत नाही. गोल करून बसायचं, आपली पाळी आली की येतेच." मी विचारलं, नाही म्हटलं असतं तर? तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "काही नसतं केलं कुणी. पण मी आत जाऊन झोपलो असतो, अन् बाहेर हसण्याचे आवाज आले असते."

ज्याला आपण 'मित्रांचा दबाव' म्हणतो तो बहुतेक वेळा हा एवढाच असतो. हात पिरगाळून कुणी पाजत नाही. बाहेर पडल्यावर आत जे चाललंय ते आपल्याशिवाय चालेल, एवढी भीती पुरते. ज्या मुलाला दीड वर्ष वर्गात आपण दिसतच नाही असं वाटत होतं, त्याला ही बैठक सोडणं म्हणजे पुन्हा न दिसणं. त्या काळातला त्याचा वापर मला फारसा चिंतेचा वाटत नाही. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, परीक्षेच्या महिन्यात बंद.

आणि मग संगत गेली

शेवटच्या वर्षी कॅम्पसमध्ये दोघांना पुण्यात हिंजवडीला नोकऱ्या लागल्या. तिसरा पुढच्या शिक्षणासाठी गेला. याला कुठेच लागलं नाही. फ्लॅट मोडला. सहा महिने गावी बसला, मग एका ओळखीने अंबडला ट्रेनी म्हणून लागला आणि त्रिमूर्ती चौकाच्या अंगाला एकट्याची खोली घेतली.

वडिलांचं म्हणणं बरोबर असतं, तर इथे गांजा सुटायला हवा होता. पाजणारी पोरं गेली, गॅलरी गेली, शनिवार गेले. पण गांजा सुटला नाही. शनिवारचा होता तो रोजचा झाला. दिवसाला एकाचे तीन झाले. फ्लॅटच्या दिवसांत हा कधी स्वतः माल आणायला गेला नव्हता. एकटा पडल्यावर त्याने स्वतःचा माणूस शोधला.

या प्रकरणातला कळीचा मुद्दा मला हा वाटतो, आणि तो मी वडिलांसमोर कागदावर रेघ मारून मांडला: वरच्या ओळीत कॉलेजची वर्षं आणि मित्रांची संख्या, खालच्या ओळीत गांजा. वरची ओळ खाली येत होती, खालची वर जात होती. ते कितीतरी वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले.

१९९८ साली जेफ्री सायमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण गांजा का ओढतात याची एक प्रश्नावली तयार केली. तीत पाच हेतू वेगळे काढले आहेत: मजा, सोबत, कळपाबाहेर पडू नये म्हणून, अनुभव विस्तारावा म्हणून, आणि त्रास विसरायला. हे हेतू माणसाला कायमचे चिकटलेले नसतात. याच्या बाबतीत पहिली दोन वर्षं सोबत आणि कळप होते, नंतर जवळजवळ सगळं वजन शेवटच्या हेतूवर सरकलं. त्रास विसरायला म्हणून होणारा वापर अडचणींशी सगळ्यांत जास्त जोडलेला असतो, हे पुढच्या संशोधनांतूनही पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पदार्थ तोच, माणूस तोच. काम बदललं.

तपासणीत काय दिसलं

क्युडिट-आर ही गांजासाठीची आठ प्रश्नांची चाचणी. गुण जास्तीत जास्त ३२, बारा किंवा अधिक आले तर विकाराची शक्यता धरून पुढे तपासायचं. याला १९ आले. नैराश्याच्या पीएचक्यू-९ चाचणीत १३, म्हणजे मध्यम. आत्महत्येचे विचार नव्हते. मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या डीएसएम-५ या पुस्तिकेतल्या अकरा निकषांपैकी सहा लागू होत होते: ठरवल्यापेक्षा जास्त ओढणं, कमी करायचे फसलेले प्रयत्न, तलफ, रविवारचं क्रिकेट आणि गावी जाणं सुटणं, पूर्वीएवढ्याने न भागणं, आणि थांबवल्यावर होणारा त्रास. सहा निकष म्हणजे वर्गवारीत 'तीव्र'. हा मुलगा एकही पाळी न चुकवता कामावर जात होता. सुपरवायझरची तक्रार नव्हती. त्याच्याकडे पाहून कुणी 'तीव्र' म्हटलं नसतं, म्हणून तर इतके दिवस कुणाला कळलं नाही.

थांबवल्यावरच्या त्रासाबद्दल आईने नकळत उत्तम माहिती दिली. "दिवाळीला आला तर जेवंना. फराळाला हात लावंना. रातभर गच्चीवर फिरे, बोलाया गेलं की वस्सकन अंगावर येई." घरच्यांनी याचा अर्थ लावला होता की पोराला शहराची हवा लागली, घर नको झालं. प्रत्यक्षात गावी ओढता येत नव्हतं म्हणून शरीर कुरकुरत होतं. रोज ओढणाऱ्याने एकदम थांबवलं तर एक ते तीन दिवसांत चिडचिड, भूक मरणं, बेचैनी, झोप उडणं सुरू होतं, पहिल्या आठवड्यात ते टोकाला जातं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. झोपेचा त्रास मात्र रेंगाळतो. गांजाची सवय लागतच नाही, असं ठामपणे सांगणाऱ्या मुलांनी सलग आठ दिवस थांबून पाहिलेलं नसतं.

दुसरी गोष्ट आईने वेगळं बोलावून सांगितली. तिच्या भावाला, म्हणजे मुलाच्या मामाला, विशीत संशयाचा आजार झाला होता. कानात आवाज यायचे, लग्न मोडलं, अजून गोळ्या चालू आहेत. घरात हे कुणी बोलत नाही, मुलाच्या लग्नाच्या वेळी अडचण नको म्हणून. इकडे मुलाने मला सांगितलं होतं की जास्त ओढल्यावर दोनदा त्याला वाटलं, लाइनवरची माणसं आपल्याबद्दलच कुजबुजतायत. सकाळपर्यंत ते गेलं होतं.

या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की प्रकरणाचा धोका बदलतो. स्वीडनमध्ये सुमारे ४५ हजार सैन्यभरतीच्या तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला गेला. १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात, भरतीपूर्वी पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास आणि संशयाच्या गंभीर आजाराचं, प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट दिसलं. एकट्या गांजाने हा आजार होतो, असं त्यातून सिद्ध होत नाही, आणि ओढणाऱ्या बहुतेकांना तो होतही नाही. पण ज्याच्या घरात तो आधीच आहे, त्याच्यासाठी 'थोडासा चालतो' हा सल्ला मी देऊ शकत नाही. आमच्या मनोविकारतज्ज्ञांनी मुलाला तपासलं. त्या वेळी भ्रमाची लक्षणं नव्हती. मामाबद्दल मुलाला सांगायचं का, यावर आईशी दोनदा बोलणं झालं आणि तिसऱ्यांदा तिने स्वतःच सांगितलं. "दारूपेक्षा बरा" हा त्याचा मुद्दा त्या दिवसापासून पुन्हा निघाला नाही. माझ्या समजावण्याने जे झालं नव्हतं ते आईच्या चार वाक्यांनी झालं.

केंद्रात ठेवावं लागेल असं काही नव्हतं. नोकरी चालू होती, इतर नशा नव्हती, जिवाला धोका नव्हता, स्वतः यायला तयार होता. सहा महिने उचलून ठेवलं असतं तर हातची नोकरी गेली असती, आणि तिच्याबरोबर सोडण्याचं एक कारणही.

वही

सोडण्याची घाई न करता दोन आठवडे फक्त लिहायला सांगितलं: कधी ओढला, कुठे, त्याआधी काय घडलं, नंतर कसं वाटलं. त्याने खोलीच्या भाड्याच्या पावत्या चिकटवलेल्या वहीतच लिहिलं. दोन आठवड्यांत ३१ जॉइंट. त्यांपैकी कुणाबरोबर ओढलेले फक्त दोन.

बाकीच्यांत दोन ढीग स्पष्ट होते. मोठा ढीग तिसऱ्या पाळीचा. पाळी दर आठवड्याला फिरायची. रात्रपाळी करून सकाळी आठला खोलीवर आला की पत्र्याखालची गरम खोली, खाली दळणाची गिरणी, आणि डोळा लागायचा नाही. गांजाने लागायचा. झोपेचं औषध म्हणून त्याने तो स्वतःच स्वतःला लिहून दिला होता, आणि मात्रा वाढवत नेली होती.

दुसरा ढीग लहान, पण चमत्कारिक. दर रविवारी संध्याकाळी सात-साडेसातला एक. वहीत 'आधी काय घडलं' या रकान्यात काहीच नाही, 'नंतर' मध्ये एकच शब्द: "फोन."

रविवारी रात्री आठला तो घरी फोन करायचा. त्याआधी ओढायचा. का, ते बाहेर यायला आणखी काही बैठका गेल्या. त्याने घरी सांगितलं होतं की आपण कंपनीत पर्मनंट झालो. झालेला नव्हता. मुदत संपली की पुन्हा नवी मुदत, असं चाललं होतं. मागच्या वर्षी ऐन काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला, मणी तडकले, व्यापाऱ्याने भाव पाडला, सोसायटीचं कर्ज थकलं. वडील फोनवर रडवेले झाले आणि याने त्या क्षणी त्यांना धीर द्यायला म्हणून सांगून टाकलं. वडिलांनी ते लग्नाच्या बायोडाटात टाकलं. 'नोकरी: पर्मनंट' असा बायोडाटा नात्यातल्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर गेला. शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही, हे ज्या घरांनी भोगलं आहे त्यांना त्या एका शब्दाची किंमत सांगायला नको. पुढे प्रत्येक रविवारी वडील विचारायचे, पगार वाढला का, कंपनीचं कर्ज मिळतं का. प्रत्येक रविवारी त्याला खोटं पुढे रेटावं लागायचं.

मला या मुलाबद्दल तेव्हा फार वाईट वाटलं. बापाला आधार द्यायला बोललेलं वाक्य त्याच्याच गळ्यात पडलं होतं, आणि ते सांगावं असा एकही माणूस त्याला नाशिकमध्ये उरला नव्हता.

उपचार कसे झाले

गांजा सोडवण्यासाठी मान्यता मिळालेलं औषध आजवर नाही. मुख्य काम बोलण्याचं आणि दिवस नव्याने लावण्याचं. आम्ही प्रेरक मुलाखतीची पद्धत वापरली. त्यात उपदेश करायचा नसतो. माणसाच्या मनात दोन्ही बाजू असतात, त्यातली बदलाची बाजू त्याच्याच तोंडून यावी असे प्रश्न विचारायचे असतात. "सोडणं तुला किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहा?" तो म्हणाला सहा. मी विचारलं, तीन का नाही? "मामासारखं व्हायचं नाही. आणि रविवारी बापाशी शुद्धीत बोलायचंय." हे त्याचं कारण होतं. माझ्या कुठल्याही कारणापेक्षा ते टिकाऊ होतं.

झोपेवर आम्ही बराच वेळ घालवला, कारण तो ढीग हलल्याशिवाय बाकी काही हलणार नव्हतं. सुटी होऊन घरी येताना गडद गॉगल, खिडकीला जाड काळा कपडा, पहाटे तीननंतर चहा बंद, गिरणीच्या वेळा पाहून झोपेचे दोन तुकडे. मनोविकारतज्ज्ञांनी झोपेची गोळी मुद्दाम दिली नाही.

एक बाब अशा प्रकरणांत हमखास निसटते. आपल्याकडे जॉइंट बहुतेक वेळा सिगारेटची तंबाखू मिसळून भरतात. म्हणजे गांजाबरोबर निकोटिनचीही सवय लागलेली असते आणि मुलाला ती माहीतही नसते. याने गांजा थांबवला त्या आठवड्यात सिगारेटी दुप्पट झाल्या. अंगात उठणारी तलफ नक्की कशाची, हे त्याला वेगळं ओळखायला शिकावं लागलं. निकोटिन गम सुरू केल्यावर गोंधळ कमी झाला.

पहिला आठवडा त्याने काढला. दुसऱ्यात स्वप्नं सुरू झाली: गारा पडतायत, बाग झोपलीय, तो धावतोय पण आवाज फुटत नाही. घामाने भिजून उठायचा. त्याला वाटलं, मामाचा आजार सुरू झाला. तसं नव्हतं. गांजातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकामुळे स्वप्नांच्या झोपेचा टप्पा दबतो, आणि गांजा बंद झाला की तो टप्पा जोराने परत येतो. हे आधीच सांगून ठेवलेलं असल्यामुळे त्याने पुडी आणण्याऐवजी फोन केला. रात्री-अपरात्री फोन करायला त्याच्याकडे दोन नंबर होते: १४४१६, सरकारची टेलिमानस सेवा, आणि १४४४६, नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन. पहिला त्याने एकदा वापरला.

वडिलांना दर आठवड्याला लघवीची तपासणी हवी होती. किट मेडिकलमधून आणू म्हणाले. मी थांबवलं. टीएचसी चरबीत साठतं. रोज ओढणाऱ्याची चाचणी सोडल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. खरं बोलणारा मुलगा खोटा ठरला असता, आणि या घरात खरं बोलण्याची सवय नव्यानेच लावायची होती.

"सगळेच ओढतात" या त्याच्या वाक्यावरही काम झालं. २०१९ साली सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. १० ते ७५ वयोगटात वर्षभरात गांजा-चरस घेतलेले साधारण १.२ टक्के, भांग धरली तर २.८ टक्के. अर्थात त्यात म्हाताऱ्या आज्याही आल्या. तरुण मुलांचं प्रमाण त्याहून जास्तच असणार. म्हणून मी आकड्यावर भर दिला नाही. त्याच्याच बॅचमधल्या ट्रेनींची नावं लिहायला लावली आणि ज्याला ओढताना स्वतः पाहिलंय त्याच्यापुढे खूण करायला सांगितलं. वीस नावं, पाच खुणा. तो दोनदा मोजत होता. ओढणारा टपरीमागे दिसतो, वास येतो, किस्से सांगतो. न ओढणारा डबा खाऊन घरी जातो, आणि आपण ओढत नाही हे कुणाला सांगत बसत नाही.

वडिलांना सांगणं

ही बैठक पुढे ढकलावी लागली, कारण ऑक्टोबर छाटणीनंतरच्या बागेची कामं सुरू होती आणि वडिलांना निघता येत नव्हतं. आले तेव्हा मुलाने कागदावर लिहून आणलं होतं. वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीत कागद खाली ठेवून सरळ बोलला: "बाबा, मी पर्मनंट नाही. कधीच झालो नव्हतो."

वडील आधी चिडले. बायोडाटा आठवला, ज्या दोन घरी बोलणी चालली होती ती आठवली. "माझी मान गेली गावात." मग बराच वेळ कुणी बोललं नाही. नंतर ते माझ्याकडे न पाहता मुलाला म्हणाले, "सोसायटीचं मी बघीन. तू कशापायी डोक्यावर घेतलं?" आणि थोड्या वेळाने, "मलाबी झोप लागत नाही. तू गांजा वढतो, मी रातभर तंबाखू मळीत बसतो. तुझ्या आईला इचार."

गांजाबद्दलचं बोलणं त्या घरात तिथे सुरू झालं. रविवारचा फोन पुढे आईला आधी लावायचा आणि पैशांचं बोलणं फोनवर करायचंच नाही, असं तिघांनी मिळून ठरवलं. बायोडाटा दुरुस्त झाला. एका घराने नकार दिला, दुसऱ्याने कळवतो म्हणून सांगितलं.

घसरणं

३१ डिसेंबरला जुने फ्लॅटमेट पुण्याहून आले. गंगापूर धरणाच्या बाजूला एका फार्महाउसवर बेत होता. नाही कसं म्हणायचं याचा आम्ही सराव केला होता. तिथे गेल्यावर त्याने 'रात्रपाळी आहे' ही सबब वापरली, ती मित्रांनी हसण्यावारी नेली, आणि त्याने ओढला. दोन दिवसांनी स्वतःच येऊन सांगितलं. आम्ही ती रात्र तासातासाने उलगडली. सबब मोडता येते, हे त्याच्याच लक्षात आलं. पुढच्या वेळी आधीच, एकाला, खरं कारण सांगायचं असं त्याने ठरवलं.

त्याप्रमाणे त्याने सगळ्यांत जवळच्या मित्राला फोन करून मामाबद्दलही सांगितलं. मित्र म्हणाला, ठीक आहे भो, तुझी मर्जी. त्यानंतर त्याचे फोन कमी होत गेले आणि बंद झाले. गटावर पुढच्या ट्रिपचे फोटो आले, याला विचारलं नव्हतं.

सोडण्याच्या या किमतीविषयी आपण फार कमी बोलतो. 'वाईट संगत सोड' म्हणताना आपण विसरतो की याच संगतीने त्या मुलाला पहिल्यांदा शहरात बसायला जागा दिली होती. त्या मित्रांना शिव्या घालायला मी नकार दिला, वडिलांनाही घालू दिल्या नाहीत. आम्ही दोन बैठका फक्त त्या मैत्रीच्या जाण्यावर बोललो. तो रडला. त्याआधी कधीही रडला नव्हता. रविवारचं क्रिकेट त्याने परत सुरू केलं ते यानंतर, सिडकोतल्या एका मैदानावर, कारखान्यातल्याच न ओढणाऱ्या पंधरातल्या काहींबरोबर.

आजची स्थिती

उपचार सुरू होऊन पाच महिने झाले. या काळात तीनदा घसरला, शेवटचं सहा आठवड्यांपूर्वी, तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात. पीएचक्यू-९ तेरावरून सहावर आला आहे. क्युडिट-आर मागच्या सहा महिन्यांबद्दल विचारते, त्यामुळे ती परत घेण्यात अजून अर्थ नाही. संशयाची भावना पुन्हा आलेली नाही. मनोविकारतज्ज्ञ दर तीन महिन्यांनी त्यासाठी मुद्दाम तपासतात आणि निदान तिशीपर्यंत हे चालू ठेवायचं ठरलं आहे.

सिगारेट सुटलेली नाही. पर्मनंटही झालेला नाही. पाळी दर आठवड्याला फिरते, आणि ती फिरत राहील तोवर त्याची झोप पूर्ण सुधारेल असं मला वाटत नाही. ते काम कुठल्याही समुपदेशकाच्या खुर्चीतून होणारं नाही. त्याने सिन्नरच्या माळेगाव वसाहतीत दिवसपाळीच्या एका जागेसाठी अर्ज केला आहे. पुढची बैठक बागेची खरड छाटणी उरकल्यावर, म्हणजे एप्रिलअखेरीस ठेवली आहे, कारण वडिलांनाही यायचं आहे. त्यांना तंबाखूबद्दल विचारायचं आहे, असा निरोप आईने दिला आहे.